वाणात गेलेला रॉड

माझ्या वडिलांनी माझा रॉड माझ्या नवऱ्याला दिला. तोही तांब्याच्या ताटात, अनारशांच्या शेजारी ठेवून, वर तुपाचा दिवा लावून. मी शेजारच्याच पाटावर बसले होते. रॉड ताटात मावत नव्हता, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आला होता, आणि आई तो घसरू नये म्हणून एका हाताने धरून दुसऱ्या हाताने जावयाला ओवाळत होती. हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

रॉड माझा होता असं मी म्हणते, तेव्हा घरातले लोक अजून हसतात. कागदोपत्री तो बाबांचाच. माझ्या जन्माआधी बाबा सैन्याच्या हिशेबखात्यात कारकून होते आणि दोन वर्षं श्रीनगरला होते. तिथे एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना ट्राउट नावाचा मासा कसा धरायचा ते शिकवलं. हा मासा बर्फाच्या पाण्यात राहतो. त्याला गांडूळ लावून गळ टाकून बसायचं नसतं. पिसांची खोटी माशी बनवून ती पाण्यावर अशी उतरवायची, की त्याला ती खरीच वाटली पाहिजे. बदली होऊन बाबा नागपूरला परत आले, तेव्हा त्या साहेबाने आपला जुना रॉड त्यांना देऊन टाकला. बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेला, तीन तुकड्यांचा, मधाच्या रंगाचा. हिरव्या कापडी पिशवीत तो कपाटावर असायचा आणि त्याला काठी म्हटलेलं बाबांना खपायचं नाही.

नागपुरात ट्राउट कुठली? उन्हाळ्यात आमच्या नळाचं पाणीसुद्धा हात भाजेल असं येई. शिवाय आमच्या घरात मासा शिजत नसे, बाबा स्वतः खातही नसत. तरी दर रविवारी सकाळी ते महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर रॉड जोडत. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधत आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या घमेल्यात तो तुकडा नेमका टाकायचा सराव करत. रीळ पाहून गल्लीतल्या लोकांना वाटायचं की ती पतंगाची चक्री आहे. समोरच्या घरातले काका हटकून विचारत, “काहो, पतंग कुठं गेला?” आणि स्वतःच खूप हसत.

बाबांनी आधी माझ्या मोठ्या भावाला शिकवायचं ठरवलं. मुलगा तो. त्याने एक रविवार कशीबशी छडी फिरवली, दोरी कानाला लागली, आणि तो क्रिकेट खेळायला पळाला तो पुन्हा गच्चीवर आला नाही. मी घमेलं सरळ करायला वर उभी असे. बाबांनी मग माझ्या हातात रॉड दिला, काखेत घडी केलेला टॉवेल धरायला लावला आणि म्हणाले, “टॉवेल नाही पडला पाहिजे. कोपर हलवायचं नाही. अन् मागं दोरी गेली का थांबायचं. ती मागं पुरी सरळ होऊ दे, मंग पुढं आण. लोक थांबतच नाहीत, तिथंच मरतात.”

मला थांबता आलं. का ते माहीत नाही. शाळेत मी उतावीळ म्हणून मार खाल्लेली मुलगी, पण मागे दोरी सरळ झाली की मनगटाला एक हलकी ओढ लागते, ती मला पहिल्याच दिवशी कळली. नववीत जाईपर्यंत लोकरीचा तुकडा मी दहातून आठ वेळा घमेल्यात टाकत होते आणि बाबा निम्म्याच. हे ते स्वतःच सांगायचे. गल्लीतल्या बायका आईला सांगायच्या, पोट्टी गच्चीवर छडी फिरवते, बरं दिसत नाही, वाळवणं घालायला चढलं की भीती वाटते. एकदा माझी दोरी खरोखरच शेजारच्या कुरडयांवर पडली, तेव्हा जो गहजब झाला तो चार दिवस पुरला.

माश्याही मीच बांधायची. सदरच्या बाजारातल्या कोंबडीवाल्याकडून कोंबड्याच्या मानेची पिसं, मोरपिसाचे हिरवे धागे, इतवारीतल्या दागिने गुंफणाऱ्या पटव्याकडचं रेशीम, आणि शेवटी गाठीवर नखांच्या पॉलिशचा एक थेंब. गळ कलकत्त्याहून पोस्टाने यायचे. बाबांचे डोळे जवळचं पाहायला कमी पडू लागले तसं हे काम पूर्ण माझ्याकडे आलं. आई म्हणायची, घरात कोंबडीची पिसं आणतात, देव कसा टिकेल. देव टिकला. आमच्या कपाटात मात्र बिस्किटांचा एक डबा माश्यांनी भरला, आणि त्यातली एकही माशी कधी खऱ्या पाण्यावर उतरली नाही.

कारण जायचं ठरत होतं, पण जाणं होत नव्हतं. “मॅट्रिक हो, मंग जाऊ,” असं बाबा आधी म्हणाले. मग बी.ए. मग भावाचं शिक्षण. मग आजीचं आजारपण. दर वर्षी उन्हाळा सरता सरता बाबा नकाशा काढत. लिद्दर नदी कुठून उतरते, कुठे दोन प्रवाह एक होतात, कुठल्या तुकड्यावर परवाना मागायचा, हे बोटाने दाखवत. सप्टेंबरचा महिनाच चांगला, बर्फ वितळून झालेलं असतं, पाणी नितळ असतं, आणि महिना संपला की मासेमारी बंद. तिथे पोचायला दिल्लीची गाडी, मग जम्मू, मग बस. परवाना एकच काढायचा, एका रॉडवर दोघांनी आळीपाळीने टाकायचं. लाकडी खोलीत राहायचं, पहाटे उठायचं नाही, कारण थंड पाण्यावर माशी उन्हं आल्यावरच उडते. हे सगळं मला वर्षानुवर्षं इतकं पाठ होतं की मी झोपेतसुद्धा त्या नदीचा रस्ता सांगितला असता.

आईचं एकच म्हणणं. “लग्न होऊ दे तिचं. मंग नवऱ्यासंग कुठंही जाईन.”

माझं लग्न ठरलं धरमपेठेत. मुलगा पाटबंधारे खात्यात इंजिनियर, घरचे लोक साधे. मी एकच गोष्ट बाबांशी बोलले. सदरला लग्नाची ब्लाउजं शिवायला टाकून आम्ही दोघं परत येत होतो, सायकलरिक्षात. मी म्हटलं, “बाबा, लग्न झालं का नदी गेली माझी.”

“काहून जाईन?” ते म्हणाले. “येत्या सप्टेंबरात आपण जाऊ. महालक्ष्म्या उठल्या का निघू. तुझ्या सासऱ्याशी मी बोलतो. तू काळजी नको करू, माय.”

मी काळजी केली नाही. माणूस शब्द देतो तेव्हा तो खरा धरायचा, असं मला शिकवणारे हेच.

फेब्रुवारीत लग्न झालं. त्यानंतर बाबा धरमपेठेत आले तितक्या वेळा मी चहा घेऊन बाहेर येताना कान टवकारून यायची. बाबा माझ्या सासऱ्यांशी संत्र्यांच्या बागेबद्दल बोलायचे. कोळशाच्या वाढत्या भावाबद्दल बोलायचे. सासऱ्यांच्या मधुमेहाबद्दल तर इतकं बोलायचे की डॉक्टरने ऐकून घ्यावं. नदीचं नाव नाही. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले की म्हणायचे, “पुढच्या वेळी बोलतो. आज त्यांचा मूड नव्हता.” मूड! सासरे झोपाळ्यावर बसून शेंगा खात होते. याहून चांगला मूड त्या घरात मी कधी पाहिला नाही.

आणि मग ज्येष्ठात अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला अधिक म्हणजे जावयाचा सण. त्याला बोलवायचं, जेवू घालायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्यासोबत काहीतरी मोलाची वस्तू. काय द्यावं यावर माहेरी बराच खल चालू आहे असं आईकडून कळत होतं. अंगठी झेपत नव्हती. माझ्या मावशीने सांगून ठेवलं होतं की पहिलाच अधिक आहे, तोंडदेखलं काही देऊ नका, व्याह्यांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे.

मे महिन्यातली ती दुपार. पंखा गरम हवा फिरवत होता. माझा नवरा अंगावर शाल घेऊन घामाने निथळत पाटावर बसला होता. सासू-सासरेही आले होते. आणि स्वयंपाकघरातून बाबा ते ताट घेऊन आले.

मी ती हिरवी पिशवी पाहिली. क्षणभर मला वाटलं, बाबांनी आज सगळ्यांसमोर विषय काढायचं ठरवलं आहे. खरंच असं वाटलं. मला इतका आनंद झाला की मी पाटावरून अर्धी उठले.

बाबांनी ताट जावयासमोर ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, “जावईबापू, याच्याहून मोलाचं माझ्या घरात काही नाही. आता हे तुमचं. अन् येत्या सप्टेंबरात आपण दोघं काश्मिरात जाऊ. हिनं सगळ्या माश्या बांधून ठेवल्याच आहेत.”

सासरे म्हणाले, “वा वा.” मावशी म्हणाली, “माय वं, केवढं मन पाहा.” आईने ओवाळलं. माझा नवरा माझ्याकडे पाहत होता, कारण त्याला गच्ची, घमेलं, लोकर, सगळं मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्याने पिशवीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“हिनं माश्या बांधून ठेवल्याच आहेत.” हे वाक्य मी आजवर कितीदा मनात म्हटलं असेल. हिने म्हणजे जशी कोणी लोणचं घालून ठेवणारी बाई.

पंगत उठल्यावर मी बाबांना मागच्या अंगणात गाठलं. आवाज चढू नये म्हणून दात आवळून बोलत होते.

“तुम्ही मले सप्टेंबरात न्यायचं म्हटलं होतं.”

“तू येशीनच ना. तू अन् तुझी आई बोटीवर राहा. शिकारा फिरा. आम्ही नदीवर जाऊन येऊ.”

“मी शिकारा फिरू? मी?”

“असं काहून करून राहिली? जावयाले दिलं तं घरातच राहिलं ना ते. तुझ्याच घरी गेलं. कपाटावर ठेव, पाहिजे तेव्हा पाहा.”

पाहा! मी त्यांना म्हटलं, तुम्हाला मनगट म्हणून दिसलं ते माझं दिसलं, आणि माणूस म्हणून दिसला तो जावई दिसला. ते म्हणाले, “हळू बोल, आतमंदी लोक आहेत.” हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य होतं. आतमध्ये लोक असत, बाहेर लोक असत, गच्चीवर, रिक्षात, दवाखान्यात, सगळीकडे लोक असत, आणि बाबा त्या लोकांना ऐकू जाणार नाही इतकं हळू जगत असत.

मला वाटलं होतं याहून जास्त संताप येऊ शकत नाही. जुलैत बाबा धरमपेठेत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की आता जावईबापूंना दोरी टाकायला शिकवायला पाहिजे, माझ्याच्यानं रोज येणं होत नाही, तर तूच शिकव. घमेलं आहे ना तुमच्याकडे?

घमेलं होतं.

पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी सासरच्या गच्चीवर आम्ही दोघं जायचो. मी माझाच रॉड जोडायची आणि तो त्याच्या मालकाच्या हातात द्यायची. माझा नवरा भला माणूस, पण त्याच्या हातात काही लवचिक वस्तू आली की त्याचं काहीतरी होतं. दोरी त्याच्या चष्म्यात अडकली. दोरी वाळत घातलेल्या सासऱ्यांच्या धोतरात अडकली. एकदा ती त्याच्या पायाभोवती अशी गुंडाळली गेली की त्याला खाली बसवून सोडवावं लागलं. मी म्हणायची, मागे थांबा, थांबा ना, दोरी सरळ होऊ द्या. तो म्हणायचा, थांबलोच तर आहे. एकदा मी इतकी भडकले की घमेल्याला लाथ मारली. ते गडगडत जिन्यापर्यंत गेलं आणि खालून सासूबाईंनी विचारलं, काय पडलं गं?

“मी पडलो,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “ऐक. मला मासे धरायचे नाहीत. मला तर पाण्याची भीती वाटते, धरणावर नोकरी करतो म्हणून कोणाला सांगत नाही. हा तुझा रॉड आहे. तू जा बाबांबरोबर. मी सांगतो त्यांना, मला रजा मिळत नाही म्हणून.”

मी म्हटलं, “रजेचं कशाला? खरं सांगा.”

“खरं त्यांना झेपणार नाही.”

तरी त्याने खरंच सांगितलं. रविवारी तो एकटा महालात गेला, पिशवी खांद्याला लावून, आणि बाबांसमोर ठेवून म्हणाला की वाण मी घेतलं, पोचलं, आता माझ्या वस्तूचं मी काय करायचं ते मी ठरवतो; ही वस्तू मी माझ्या बायकोला दिली आहे आणि सप्टेंबरात तिलाच तुम्ही घेऊन जा. माझ्या घरचे काही म्हणणार नाहीत. काही म्हणाले तर मी पाहून घेईन.

तो पिशवी तशीच खांद्याला लावून परत आला तेव्हा मी फाटकातच उभी होते. मी नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“ते जाणंच रद्द करतो म्हणाले,” तो म्हणाला.

मला कळेना. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. बाबा नेमकं काय म्हणाले? त्याने सांगितलं. बाबा म्हणाले, लग्नाले वर्ष नाही झालं, अन् पोरीले एकटी घेऊन मी पंधरा दिवस फिरलो तं लोक काय म्हणतीन? सासरहून काढून आणली म्हणतीन. जावई सोबत असते तं गोष्ट वेगळी. मंग राहू द्या. नाही जात मी.

मी त्या दिवशी जेवले नाही. तोवर माझी समजूत अशी होती की बाबांना माझ्याहून जावई मोठा आहे. ते मला समजलं असतं, सगळ्यांच्याच घरी असतं. पण तसं नव्हतं. त्या नदीसाठी हा माणूस माझ्या जन्माच्या आधीपासून झुरत होता. नकाशा घड्या पडून फाटला, मागून चिकटपट्टी लावली, तरी दर उन्हाळ्यात काढत होता. आणि माझ्यासोबत जाताना गल्लीतल्या चार टाळक्यांनी पाहू नये म्हणून तो ती नदीच सोडायला तयार झाला. मी सोबत नको म्हणून. रागाने मला रडूसुद्धा येईना.

महालात बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं की गुडघे धरले आहेत, डॉक्टरने चढउतार बंद केली आहे, म्हणून काश्मीर रद्द. लोकांनी हळहळ केली. समोरचे काका म्हणे पानाच्या दुकानात सांगत होते, बिचाऱ्याचं नशीबच नाही. आणि बाबा गल्लीतून जरा लंगडत चालू लागले. हे मला आईने सांगितलं आणि सांगताना तीही हसली, पण मला हसू आलं नाही.

पोळ्याच्या आधी सासू-सासरे व्याह्यांच्या गुडघ्यांची विचारपूस करायला महालात निघाले. मीही गेले. सासूबाईंनी मुद्दाम तेलाची बाटली घेतली होती, त्यांच्या माहेरच्या वैद्याकडची. बाबा आरामखुर्चीत बसले होते, पायाखाली उशी. सासरे त्यांना, म्हणजे व्याह्यांना, इवाई म्हणत. “इवाई, कसं वाटून राहिलं आता?”

“आहे जरा,” बाबा म्हणाले आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

मी चहा घेऊन येत होते. तो हात मी पाहिला. रॉड कसा धरायचा ते शिकवणारा हात, तो आता धडधाकट गुडघा चोळत होता, आणि सासूबाई खाली वाकून बाटलीचं बूच काढून सांगत होत्या की हे जरा कोमट करून लावायचं.

मी ट्रे टेबलावर आदळला. बशीत चहा सांडला.

“त्यांच्या गुडघ्यांले काही झालं नाही,” मी म्हटलं. “ठणठणीत आहेत. त्यांनी मले काश्मिरात न्यायचं कबूल केलं होतं, लहानपणापासून. तुमाले विचारतो म्हणाले होते. तुमाले विचारायची छाती नाही झाली, म्हणून रॉड जावयाले देऊन टाकला. जावई म्हणाले हिलेच न्या, तं जाणंच रद्द केलं. माझ्यासंग दिसले तं लोक काय म्हणतीन म्हणून.”

आई दारात आली होती. सासूबाईंनी बाटलीचं बूच पुन्हा लावलं, बाटली पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “मंग हे मी घेऊन जाते. माझ्याच गुडघ्यांले लावीन.”

सासरे बाबांकडे पाहत होते. रागाने नाही. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. “अहो इवाई,” ते म्हणाले, “पण आम्ही नाही कधी म्हटलं? आमाले विचारलं कोणी?”

बाबांनी पायाखालची उशी काढली. ती मांडीवर घेतली. म्हणाले, “मले हिच्यासंगच जायचं होतं. दुसरं कोणासंग जायचं नव्हतं.”

मावशी असती तर तिने डोळ्यांना पदर लावला असता. आईने लावलाच. माझं मन मात्र त्या वाक्याने अधिकच पेटलं. हे एवढं वाक्य. हेच त्यांनी शेंगा खाणाऱ्या सासऱ्यांना मार्चमध्ये म्हणायचं होतं, अधिकात ताट पुढे करताना म्हणायचं होतं, गच्चीवर हसणाऱ्या काकांना दहा वर्षांपूर्वी म्हणायचं होतं. तेव्हा त्याला काही किंमत पडली असती. आता परवाना परत गेला होता, गाडीची तिकिटं रद्द झाली होती, आणि म्हणून ते म्हणता येत होतं.

“अजून होईन का जाणं?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले. “परवाना आता नाही मिळत. सप्टेंबर सरला का नदी बंद. पुढच्या वर्षी नक्की.”

“पुढच्या वर्षी मी जाईन,” मी म्हटलं. “तुम्हाले यायचं असन तं या.” आणि सासूबाईंच्या हातातली तेलाची पिशवी घेऊन जिना उतरून खाली आले.

ते वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. परवान्यासाठी मीच लिहिलं, एक नाही, दोन मागवले. लोकरी मोज्यांची जोडी सासूबाईंनी विणली. नवऱ्याने तिकिटं आणून दिली, आणि माझं तिकीट देताना म्हणाला, दुसरं बाबांचं आहे, नाही आले तर परत करू. मी बाबांना तारीख कळवली, आग्रह केला नाही. त्या दिवशी स्टेशनवर पोचले तर बाबा ट्रंकेवर बसलेले होते, माझ्याही आधीपासून. डोक्यावर माकडटोपी घातली होती, नागपूरच्या त्या उकाड्यात. मला बरं वाटलं हे मी नाकारत नाही. पण मी ते दाखवलं नाही.

नवऱ्याने सामान चढवलं आणि उशीर होईल म्हणून तो गाडी सुटायची वाट न पाहता कामावर गेला. मी खिडकीशी बसले, रॉड मांडीवर. बाबा पाण्याची सुरई भरायला खाली उतरले होते. नळापाशी त्यांना त्यांच्या कचेरीतले कोणीतरी जुने ओळखीचे भेटले, हातात भाजीची पिशवी घेतलेले. मला सगळं ऐकू येत होतं.

“कुठं चालले गा?”

“काश्मिरात. पोरगी आहे संगं.”

“अन् जावईबापू?”

बाबांनी एकदा माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी तिकडे पाहत नाही असं त्यांना वाटलं असावं. “जावई पुढच्या डब्यात आहेत,” ते म्हणाले. “आमचं रिझर्वेशन एकाच डब्यात नाही झालं.”

मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि स्टेशनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “काका, पुढच्या डब्यात कोणी नाही. जावई कामावर गेले. मी अन् बाबा दोघंच चाललो, मासे धरायले.”

बाबा सुरई हातात धरून उभे राहिले. त्यांचं तोंड पडलं होतं. नळ वाहत होता. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

“बरं आहे ना मंग,” ते म्हणाले, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुलाकडे निघून गेले.